२८ एप्रिल २००५ : ‘हिचहायकर्स गाइड’ पडद्यावर

डग्लस ॲडम्स यांच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’वरचा चित्रपट २००५ मध्ये आजच्या दिवशी ब्रिटनमध्ये झळकला. १९७८ ची बीबीसीची मूळ नभोनाट्यमालिका तोंडपाठ असलेले अनेक चाहते हिरमुसले. संवादांना कात्री लागली आणि विनोद अर्ध्यावरच तुटले, ही त्यांची तक्रार रास्तच होती. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी दोनच तारे दिले. पण जिम हेन्सन यांच्या नावाच्या कार्यशाळेत घडलेले ओबडधोबड परग्रहवासी व्होगॉन आणि सदा खिन्न यंत्रमानव मार्विनला लाभलेला ॲलन रिकमन यांचा आवाज मनापासून दाद द्यावी असाच. व्होगॉनांच्या कचेरीतल्या रांगेत १९८१ च्या दूरचित्रवाणी मालिकेतला जुना मार्विनही उभा दिसतो! पटकथेसाठी वर्षानुवर्षे झटलेले ॲडम्स २००१ मध्येच गेले. चित्रपट त्यांनाच अर्पण केला आहे.