लुटींतलें भिंग

मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, आणि तेथील चर्चांच्या कितीतरी घंटा विजयचिन्हें म्हणून घाटावर गेल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळावर टांगलेल्या घंटेवर १७२१ हा सन आहे. तो नसता तर ती घंटा परक्या देशांतली हें किती जणांच्या ध्यानांत आलें असतें? जुन्या रशियन कॅमेऱ्यांचें ‘ज्युपिटर-८’ हें भिंग असेंच लुटींतलें आहे, आणि त्याचीहि ओळख त्यावरील अंकांवरून करावी लागते.

हें भिंग मूळचें जर्मन. लुडविग बेर्टेले यानें रचलेलें ‘झोन्नार’ १९३२ त कॉन्टॅक्स कॅमेऱ्याबरोबर बाजारांत आलें. कांच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारें ४ टक्के उजेड परत फिरतो. त्या काळीं भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप नसे. बेर्टेलेनें सहा कांचा तीन गटांत चिकटवून अशा सीमा सहांवर आणल्या. चित्र त्यामुळें उजळ व ठसठशीत येई. १९४५ नंतर येना येथील झाइसच्या कारखान्यांतलीं यंत्रें, कांचेचा साठा आणि कांहीं तज्ज्ञहि रशियांत नेण्यांत आले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथें झोन्नार प्रथम आद्याक्षरांखालीं निघालें. १९५० च्या सुमारास त्यास ‘ज्युपिटर’ हें नांव मिळालें. जर्मन कांच सरत आली तसें रशियन कांचेसाठीं गणित नव्यानें मांडावें लागलें.

तेव्हां नांव एक, वस्तु अनेक. कीव्ह कॅमेऱ्याच्या भिंगास अंतर जुळविण्याचें स्वतःचें कडें नाहीं, तें काम कॅमेराच करतो. झोर्की व फेड यांचें भिंग ३९ मिलिमीटरच्या आट्यांनीं बसतें. ही निवड कॅमेराच करून देतो. खरा वाद पांढऱ्या आणि काळ्या भिंगांचा. पांढरीं अधिक जुनीं, म्हणून विक्रेते त्यांत ‘येनाची कांच’ असल्याचें सांगून दाम वाढवितात. क्रमांकाचे पहिले दोन अंक बहुधा निर्मितीचें वर्ष दाखवितात, हें खरें. परंतु घंटेचा सन धातूंतच असतो. येथें क्रमांकाचें कडें फिरवून काढतां येतें व दुसऱ्या भिंगावर चढवितां येतें! अशा अंकांवर दुप्पट किंमत मोजणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं.

आमचा कौल क्रास्नोगोर्स्कच्या, १९५० नंतरच्या दशकांतल्या पांढऱ्या भिंगास. पण त्याच्या कांचा निर्मळ असतील तरच. समुद्राकांठच्या दमट हवेंत कांचांमध्यें बुरशी धरते आणि तिनें लेप खाल्ला कीं तो परत येत नाहीं. वसई-विरारच्या पावसाळ्यांत तर भिंग कपाटांत बंद ठेवणें म्हणजे बुरशीस आमंत्रणच. उत्तम जपलेलें काळें भिंग अशा पांढऱ्यापेक्षां केव्हांहि बरें.

लायकावर लावणारांनीं आणखी एक ध्यानांत घ्यावें. लायकाचें अंतरमापक ५१.६ मिलिमीटरच्या हिशेबानें बांधलेलें असतें, तर या भिंगाचें केंद्रांतर सुमारें ५२.४. दूरच्या दृश्यांत हा फरक कळत नाहीं. जवळचा चेहरा, छिद्र पूर्ण उघडून घेतला, कीं डोळे सोडून कानच स्पष्ट दिसतात. यासाठीं विकत घेण्यापूर्वीं स्वतःचा कॅमेरा बरोबर न्यावा, आणि एक मीटरवरून छिद्र पूर्ण उघडून एक तरी चित्र घेऊन पाहावें.