केंद्रकाचे दार आणि बनारसची प्रयोगशाळा

केंद्रकातून प्रथिने बाहेर कशी पडतात, हे उलगडण्यात यीस्टवरच्या प्रयोगांचा मोठा वाटा होता. ती आत कशी धरून ठेवली जातात, याचा एक मोलाचा धागा मात्र वाराणसीत, बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, फळमाशीच्या पेशीत हाती लागला.

पंडित मदनमोहन मालवीय यांच्या प्रयत्नांतून १९१६ मध्ये उभ्या राहिलेल्या या विद्यापीठात गुणसूत्रविज्ञानाला खरी चालना एस. पी. राय-चौधुरी यांनी दिली. त्यांनी एडिंबरोमध्ये एच. जे. म्युलर यांच्या हाताखाली अत्यल्प किरणोत्साराने होणाऱ्या उत्परिवर्तनांवर काम केले होते. कोलकात्याहून बनारसला आल्यावर त्यांनी साप, पक्षी, कुरतडणारे प्राणी अशा नाना जीवांची गुणसूत्रे तपासणारी शिष्यपरंपरा घडवली. सापांच्या लिंगगुणसूत्रांवर संशोधन करणारे लालजी सिंह त्याच परंपरेतले. भारतात डीएनए ठशांच्या तंत्रासाठी ओळखले गेलेले लालजी पुढे २०११ ते २०१४ या काळात याच विद्यापीठाचे कुलगुरू होते.

१९७० च्या दशकात सुभाषचंद्र लाखोटिया विभागात आले आणि फळमाशीच्या अळीची लाळग्रंथी हे येथील कामाचे मुख्य साधन बनले. पूर्ण वाढलेली अळी खारट द्रावणात फाडून ग्रंथींची जोडी अलग करायची, ती रंगवून काचपट्टीवर ठेवायची, वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबायची. पेशी फुटतात आणि पट्टेदार, जाडजूड गुणसूत्रे पसरतात. एकेका गुणसूत्रात हजारभर धागे शेजारी शेजारी जुळलेले असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकातही ती स्पष्ट दिसतात. जेथे जनुक जोमाने काम करत असते तेथे गुणसूत्र फुगते. या माश्या मक्याचे पीठ, साखर, अगार आणि यीस्ट यांच्या खाद्यावर २४ अंश सेल्सिअसला वाढवतात. उष्माघाताच्या प्रयोगात तापमान ३७ अंशांवर नेले जाते. बनारसचा उन्हाळा याहून कितीतरी कडक असल्याने वाढीची खोली थंड राखणे ही प्रयोगाची पहिली अट असते.

तापमान वाढले की ठरावीक ठिकाणी नवे फुगवटे येतात, हे फेरुचिओ रितोसा यांनी इटलीत १९६२ मध्ये दाखवले होते. त्यांपैकी ९३डी या ठिकाणाचा फुगवटा बेंझामाइड या रसायनानेही, आणि तोही एकटाच, उठतो, हे लाखोटिया आणि ए. एस. मुखर्जी यांनी कोलकात्यात १९७० मध्ये नोंदवले. बनारसला हाच धागा पुढे कित्येक दशके चालला. ९३डी येथील एचएसआर-ओमेगा हे जनुक नेहमीचे प्रथिन बनवत नाही. त्याचे काम आरएनएच करतो. ज्या काळी अशा जनुकांकडे फारसे कोणी गांभीर्याने पाहत नव्हते, त्या काळी एकाच जनुकाशी इतकी वर्षे चिकाटीने झटणे, हे या प्रयोगशाळेचे मोठेपण.

दरम्यान केंद्रकाच्या दाराचा उलगडा यीस्टमध्येही होत होता. जपानमध्ये अदाची आणि यानागिदा यांना १९८९ मध्ये विभाजी यीस्टमध्ये सीआरएम१ हे जनुक सापडले. त्यात बिघाड झाला की गुणसूत्रांची ठेवण विस्कटते, म्हणून ते गुणसूत्रांशी निगडित मानले गेले. त्याचे प्रथिन वस्तुतः निर्यातीचे वाहक आहे, हे १९९७ मध्ये सिद्ध झाले. बेकरीतल्या यीस्टवरचा पुरावाही त्याच वर्षी आला. बाहेर जाणाऱ्या प्रथिनात ल्युसीन या अमिनो आम्लाने समृद्ध असा छोटा तुकडा असतो. वाहक तो तुकडा पकडतो, पण रॅन या प्रथिनाला जीटीपी हा रेणू जोडलेला असेल तरच. असा रॅन केंद्रकात भरपूर असतो. तिघे मिळून केंद्रकछिद्रातून बाहेर पडतात, बाहेर जीटीपीचे विघटन होते आणि माल सुटतो. दिशा ठरते ती रॅनच्या या दोन अवस्थांमुळे.

आरएनएला बिलगून राहणाऱ्या एचएनआरएनपी प्रथिनांचा व्यवहार याहून गुंतागुंतीचा आहे. त्यांतली काही आरएनएबरोबर बाहेर जातात आणि परत येतात. यीस्टमधले एनपीएल३ हे १९९६ मध्ये तसे दाखवले गेले. त्याच वर्षी असेही दिसले की, उष्णतेचा ताण आला की यीस्ट बहुतेक संदेशवाही आरएनए आत रोखते आणि उष्माघात-प्रथिनांचे संदेश मात्र बाहेर सोडते.

माशीच्या केंद्रकात याच गटातली, आरएनएच्या कामातून मोकळी असलेली प्रथिने कुठे राहतात, हे बनारसच्या गटाने २००० मध्ये दाखवले. एचएसआर-ओमेगाचा केंद्रकातच राहणारा लांबलचक आरएनए त्यांना धरून गुणसूत्रांच्या आसपास बारीक ठिपके बनवतो. त्यांना ‘ओमेगा स्पेकल्स’ हे नाव मिळाले. उष्माघात होताच ठिपके विरतात आणि प्रथिने ९३डी या एका जागी गोळा होतात; तापमान उतरले की ती पुन्हा पसरतात. पालेर्मोतील संशोधकांबरोबर २०११ मध्ये केलेल्या कामातून आयएसडब्ल्यूआय हे प्रथिन नसेल तर ठिपक्यांची घडण बिघडते, हे कळले. २०१२ मध्ये तर या आरएनएचे मोलही उघड झाले: तो जवळपास नसलेल्या माश्या उष्माघात नीट सोसू शकत नाहीत, आणि ताण ओसरल्यावर त्यांच्या पेशींत एचएनआरएनपी, एचपी१ व आरएनए पॉलिमरेज-२ ही प्रथिने आपापल्या जागी वेळेवर परतत नाहीत.