बंदराकडे उतरणारा रस्ता

रत्नागिरीतील एका रस्त्याचे जुने छायाचित्र सध्या आमच्यासमोर आहे. दोन्ही बाजूंना जांभ्या चिऱ्यांची बैठी घरे, पुढे पडव्या, एक बैलगाडी आणि छायाचित्रकाराकडे टक लावून पाहणारी सात-आठ माणसे. टोकाला गलबतांच्या डोलकाठ्या दिसतात, त्यावरून हा मांडवी बंदराकडे उतरणारा रस्ता असावा. मागे तारीख नाही, नावे तर नाहीतच. काळाचा थोडा अंदाज कौले देतात. बहुतेक घरांवर नळीची कौले आहेत, एकावर मात्र चपटी मंगलोरी. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. म्हणजे चित्र त्यानंतरचे. याहून काटेकोर वर्ष सांगणे आम्हांस योग्य वाटत नाही.

आजच्या वाचकाला हा रस्ता गावाच्या परसदारी नेणारा वाटेल. वस्तुतः तेच पुढचे दार होते. १८२२ साली जिल्ह्याचे ठाणे बाणकोटहून रत्नागिरीस आले, त्यामागोमाग कचेऱ्या आल्या, १८२८ साली वाचनालय निघाले. घाटाची वाट बिकट असल्याने मुंबईशी येणे-जाणे सारे समुद्रमार्गे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यालाही एप्रिल १८८६ मध्ये समुद्रमार्गेच येथे आणण्यात आले. डिसेंबर १९१६ मध्ये तो येथेच वारला. १९१० सालचा त्याचा राजवाडा पाहण्यास पर्यटक येतात. परंतु त्याची थोरली कन्या मायदेशी जाऊन पुन्हा रत्नागिरीस परतली आणि १९४७ साली हलाखीत येथेच निवर्तली, याची चौकशी क्वचितच कोणी करतो.

राजांविषयी निदान लिहिले तरी जाते. या रस्त्याने सर्वाधिक गेली ती पोटासाठी मुंबई गाठणारी माणसे. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरे घेत. बोट खोल पाण्यात उभी राही. वळकटी व ट्रंक घेऊन पडावातून तिच्यापर्यंत जायचे आणि लाटेचा नेम धरून शिडी पकडायची. पावसाळ्यात बोटी बंद. तेव्हा जे मुंबईत ते मुंबईत आणि जे गावी ते गावी.

आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध मावशींना आम्ही हे चित्र दाखविले. माणसे त्यांना ओळखता आली नाहीत. पडवीच्या एका पायरीवर मात्र त्यांनी बोट ठेवले. "फादर, हय आमचो बापूस बोटीची वाट बघत बसायचो," एवढेच त्या म्हणाल्या आणि बराच वेळ चित्र हाती धरून राहिल्या. त्यांच्या वडिलांचे नाव आम्हांस बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडले: बाप, आई, धर्ममातापिता, सारे सुवाच्य अक्षरांत. नोंदवहीत नावे आहेत, त्यांना चेहरे नाहीत. चित्रात चेहरे आहेत, त्यांना नावे नाहीत. या दोहोंना जोडणारी मावशींसारखी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

पुढे बोटी थांबल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, स्थानक कुवारबावच्या बाजूस झाले आणि गावाने समुद्राकडील तोंड फिरवून पूर्वेकडे केले.

ज्या कुटुंबांच्या पेटाऱ्यांत अशी चित्रे असतील त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून मागे नावे लिहून ठेवावीत. लिहिताना पेन्सिल वापरावी. शाई कालांतराने पुढच्या बाजूस उमटते.