पाळीव कुत्रा परदेशी नेणे

पाळीव कुत्र्याला मालकाबरोबर किंवा त्याच्या मागोमाग दुसऱ्या देशात रीतसर नेण्याची प्रक्रिया. भारतातून निघणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ही सगळी प्रक्रिया रेबीजभोवती फिरते. आधी चिप, मग लस, मग रक्ततपासणी हा क्रम ठरलेला आहे. तो चुकला, की पैसे मोजूनही गाडी अडते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली-खामगाव रस्त्यावरचे अमडापूर घ्या. तिथल्या घरातला मुलगा जर्मनीत नोकरीला लागला आणि घरचा मोत्याही त्याला न्यायचा आहे, असे समजू. पहिले काम मायक्रोचिपचे. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप जाड सुईने दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतात. वाचक यंत्र वरून फिरवले की 15 अंकी क्रमांक दिसतो. चिपच्या आधी टोचलेली रेबीजची लस युरोप हिशेबात धरत नाही, कारण ती याच कुत्र्याला टोचली याला पुरावा नसतो. गावातल्या लसीकरण शिबिराचे कार्ड कितीही जपून ठेवले असले तरी इथे कामाचे नाही. चिप आणि वाचक यंत्र सगळीकडे मिळेलच असे नाही, म्हणून बुलढाण्याच्या जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत आधीच चौकशी केलेली बरी.

लस टोचताना पिल्लू किमान 12 आठवड्यांचे हवे. त्यानंतर निदान 30 दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवतात. त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडे दर मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त भरली पाहिजेत. पुढे रक्त काढल्या तारखेपासून तीन महिने थांबायचे. म्हणजे 1 जूनला चिप आणि लस झाली, 1 जुलैला रक्त काढले, तर मोत्या 1 ऑक्टोबरच्या आधी जर्मनीत उतरू शकत नाही. मालकाच्या आणि कुत्र्याच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर पडले, तर त्या प्रवासाला व्यापारी वाहतुकीचे नियम लागतात.

गोवा 2021 मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. पण परदेशी यंत्रणा राज्य पाहत नाहीत, देश पाहतात. त्यामुळे पणजीच्या आणि अमडापूरच्या कुत्र्याला नियम एकच.

देशागणिक नियम मात्र बदलतात. ब्रिटनमध्ये पूर्वी सहा महिने विलगवास भोगावा लागे. 2000 पासून तो टप्प्याटप्प्याने सैल झाला. आता चिप, लस आणि रक्ततपासणीबरोबर फीतकृमीचे औषध लागते, आणि विमानाने येणारा कुत्रा मालवाहतुकीतूनच न्यावा लागतो. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून सहा महिन्यांखालच्या पिल्लांना दार बंद केले. भारतासारख्या रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांसाठी ठरावीक विमानतळही नेमून दिले. जपानसाठी रक्त काढल्यापासून 180 दिवस थांबावे लागते. ऑस्ट्रेलिया भारतातून थेट कुत्रा घेतच नाही; आधी त्याच्या मान्य यादीतल्या देशात न्यावा लागतो. तिथली कडक शिस्त 2015 मध्ये जगाला कळली, जेव्हा अभिनेता जॉनी डेप याचे पिस्टल आणि बू हे दोन कुत्रे परवान्याविना आल्याचे उघड झाले आणि सरकारने ते परत धाडायला लावले.

कुत्रे परदेशी धाडण्याचे हे वेड आजचे नाही. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी आपल्याकडच्या शिकारी कुत्र्यांची जोडी ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली होती.  आता कुत्रा न्यायला केंद्राच्या पशु संगरोध व प्रमाणन सेवेचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते मुंबईतून मिळते.

अमडापूरहून मुंबई सुमारे साडेचारशे किलोमीटर. मेहकरला समृद्धी महामार्ग गाठून गाडीने जाणे सोयीचे. शेगाव किंवा मलकापूरहून रेल्वेने न्यायचे, तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर कुत्र्याची रवानगी ब्रेक व्हॅनमधल्या पेटीत होते. विमानातला पिंजरा असा हवा, की कुत्र्याला त्यात उभे राहता, वळता आणि ऐसपैस लोळता यावे. पिंजऱ्याची सवय घरीच महिनाभर आधी लावावी. झोपेचे औषध देऊन पाठवण्याचा मोह टाळावा; उंचावर त्याने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना कित्येक विमान कंपन्या घेत नाहीत, तेव्हा त्यांच्या मालकांनी तिकिटाआधी कंपनीकडून लेखी होकार घ्यावा.