खोली घुमते तेव्हा



गेल्या पावसाळ्यात आम्ही गटातल्या सगळ्यात थोरल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केल्या. दीड तास आजी सांगत होत्या. नंतर ऐकलं, तर प्रत्येक शब्दावर आधीच्या शब्दाची सावली. निम्मं कळेना. आजींचा आवाज खणखणीत, फोनही चांगला. खोट खोलीची होती. सिमेंटच्या भिंती, खाली फरशी, वर पत्रा. आजींना दम्याचा त्रास, त्यांना पुन्हा पुन्हा बसवणं बरं नव्हे. म्हणून आधी खोलीच्याच मागे लागलो, आणि शोधता शोधता सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मास्तरांपाशी पोचलो.

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचं व्याख्यानगृह नवंकोरं होतं, पण तिथं बोललेलं कुणाला कळत नसे. एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमत राही. हे दुरुस्त करायचं काम वॉलेस सॅबिन या सत्तावीस वर्षांच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांवर आलं. त्यांनी काय करावं? जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, खोलीत मांडायच्या आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवायच्या! मग ऑर्गनची एक नळी वाजवून थांबवायची आणि आवाज किती वेळ कानावर राहतो ते घड्याळानं मोजायचं. गाद्या वाढवत गेले तसा घुमारा कमी होत गेला. सगळ्या गाद्या पसरल्यावर तो सव्वा सेकंदाच्याही आत आला.

मोजायला त्यांनी माप घेतलं उघड्या खिडकीचं. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही ना! मग अमुक गादी किती खिडकीइतकी, हे ठरवता येतं. एकदा तर तीन हजारांवर नोंदी त्यांनी टाकून दिल्या, कारण मोजणाऱ्याच्या अंगावर कोणते कपडे होते ते लिहिलेलं नव्हतं. अंगावरचं कापडही आवाज पितं. त्यांच्या मोजमापात एकटी बाई एकट्या पुरुषापेक्षा थोडा जास्त आवाज पिते असं निघालं. तेव्हाच्या पायघोळ झग्यांचा तो प्रताप असावा, असं आम्हांला वाटतं. याच अभ्यासाच्या आधारानं बोस्टनचं सिंफनी हॉल उभं राहिलं आणि १९०० मध्ये उघडलं. आजही ते नावाजलेलं आहे.

गंमत म्हणजे पुढं उलटी चूकही झाली. लंडनमध्ये रेडिओ सुरू झाला तेव्हा बीबीसीनं स्टुडिओच्या भिंती जाड पडद्यांनी झाकून टाकल्या, आणि गाणं पार निर्जीव वाटू लागलं. थोडा घुमारा लागतोच.

आता आमचं काम. गावच्या सुताराकडून चार फूट बाय दोन फूट लाकडी चौकटी करून घेतल्या. आत फाटक्या गोधड्या आणि जुन्या साड्यांच्या घड्या, जाडी चार बोटं. वरून सुती कापड, असं की तोंडानं फुंकर मारली तर आरपार जावी. रेक्झिन किंवा प्लॅस्टिक नको, आवाज आत शिरतच नाही. कापडाच्या धाग्यांमधल्या हवेत आवाज घासतो आणि विरतो. चौकट भिंतीला चिकटवायची नाही, मागे चार बोटं जागा सोडायची. त्यानं जाड आवाजही थोडा आवरतो. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. ते पातळ असतात, त्यांचा फारसा उपयोग नाही. आणि बाहेरचा ट्रॅक्टर या चौकटींनी थांबत नाही, तो गेल्यावरच बोलायचं! विजेची तार किंवा दिवा कापडाजवळ येऊ द्यायचा नाही.

सहा चौकटी झाल्या. खोलीत टाळी वाजवली तर आता ती एकदाच ऐकू येते. मंगळवारी आजी पुन्हा बसणार आहेत. सॅबिन मास्तरांच्या कपड्यांची गोष्ट त्यांना सांगितली, तर म्हणाल्या, "मग मी कोणतं लुगडं नेसू गं?"