एडिथच्या घरी

पायांत मोजे घाला, एकावर एक दोन. लोकरी टोपी कानांवरून खाली ओढा. उतरा आता, गाडी थांबली.

१९१९ चा फेब्रुवारी आहे आणि तुम्ही राइवोलाच्या फलाटावर उभे आहात. फिनलंडच्या अगदी पूर्वेकडचं गाव. इथून सेंट पीटर्सबर्ग साठेक किलोमीटर. पहिला श्वास जपून घ्या. थंडी नाकात शिरली की आतले केस काट्यासारखे ताठ होतात, डोळ्यांना पाणी सुटतं आणि पापण्यांवरच गोठतं. मग एकेक वास कळू लागतो. धुराड्यांतून उतरणारा बर्चचा धूर, घोड्याच्या घामाची वाफ, ओल्या लोकरीचा कुबट दर्प.

पुढे चाललेली ती तरुणी हॅगर ओल्सन, हेलसिंकीच्या वर्तमानपत्रात पुस्तकांवर लिहिणारी. तिच्या पाठोपाठ चला. जिच्या कवितासंग्रहावर हॅगरने टीका केली, त्या कवयित्रीनेच तिला पत्र लिहिलं, पत्राला पत्र येत गेलं आणि आज दोघी पहिल्यांदा भेटणार आहेत.

वाटेत कान उघडे ठेवा. गाडीवान घोड्यावर रशियनमध्ये ओरडतोय. बर्फ सारणाऱ्या बायका आपसांत फिनिश बोलताहेत. आजूबाजूची लाकडी घरं पीटर्सबर्गच्या लोकांची, उन्हाळ्यात हवा पालटायला यायची. आता त्यांची दारंखिडक्या बंद आहेत. आणखी थोडं चाला, हवं तर सबंध गाव हिंडून या. स्वीडिश कानावर पडणं कठीण. आणि जिला भेटायला निघालात, ती एडिथ सॉडरग्रान लिहिते स्वीडिशमध्ये.

दार तिची आई उघडते, हेलेना. घर मोठं, जुनं, लाकडी. पाऊल टाकलं की फळी कुरकुरते. शेगडीजवळ सरका, लांबच्या कोपऱ्यांत भिंतीही गार आहेत. आणि ही एडिथ. सव्वीस वर्षांची, मोठाले राखाडी डोळे, बोलायला इतकी आतुर की तुमची टोपी उतरेपर्यंत तिचे दोन प्रश्न विचारून झालेले असतात. तिचा हात हातात घ्या. गरम लागेल. तुमची बोटं गारठलीत हे खरं, पण ती ऊब तापाची आहे. तिच्याकडे आता चारेक वर्षं उरली आहेत. तुम्हाला ठाऊक आहे म्हणून चेहऱ्यावर दाखवू नका.

हा ताप जुना आहे. वडील क्षयाने गेले तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. सोळाव्या वर्षी तिच्याही फुफ्फुसात तोच निघाला. जरा डोळे मिटा, तिथेही जाऊन येऊ. दाव्होस, स्वित्झर्लंड. सज्ज्यात आरामखुर्च्यांची रांग, त्यातल्या एकीवर तुम्ही. गळ्यापर्यंत घोंगडी, जिभेखाली काचेची थंड नळी. समोर बर्फाचे डोंगर इतके लखलखीत की डोळे चुरचुरावेत. दूध प्या, आणखी प्या, बोलू नका, हालू नका. रांगेत कुणीतरी खोकतं आणि सगळ्यांचे कान तिकडे लागतात. कोरडा होता की ओला? अशा ठिकाणी, विशीच्या उंबरठ्यावर, ही मुलगी इटालियन शिकली, हाताला येईल ते वाचत सुटली. मला तिचं सगळ्यात आवडतं ते हेच. नुसतं पडून राहायला सांगितलेल्या माणसाने एवढी धावपळ करावी!

त्याच्याही आधीचं एक दार ढकला. पीटर्सबर्गमधली जर्मन शाळा, नेव्हस्की रस्त्यावरची. बाहेर घोडागाड्यांचा खडखडाट, आत शाईचा वास. बाकावर जर्मन, रस्त्यावर रशियन, घरी आईशी स्वीडिश, सुट्टीला राइवोलात गेलं की फिनिश. मेणकापडी वेष्टनाच्या वहीत ती कविता लिहिते, बऱ्याचशा जर्मनमध्ये. जर्मनमध्ये राहिली असती तर केवढी मोठी बाजारपेठ होती! तिने स्वीडिश धरली. सकाळ-संध्याकाळ जी भाषा फक्त आईच्या तोंडून ऐकायला मिळते, तिच्यात लिहायचं आणि तिच्यातलं आजवरचं वृत्त, यमक सगळं दाराबाहेर ठेवायचं. हे धाडस तिने तरुण वयात, एकटीने, कुणी पाठीशी नसताना केलं. पहिला संग्रह १९१६ मध्ये आला. नाव साधंच, ‘कविता’.

आता उघडा डोळे, जेवायला बोलावताहेत. ताटात फार काही शोधू नका. घरचे पैसे रशियन रोख्यांत होते. रशियात क्रांती झाली आणि ते रोखे चुलीत घालण्याच्या लायकीचेही राहिले नाहीत. जिथे तिची शाळा होती ते शहर जवळ असूनही आता तिथे जाता येत नाही. घरातल्या वस्तू विकून मायलेकी दिवस काढताहेत. दिलेला तुकडा सावकाश चावा. नको म्हणू नका, राग येईल.

जेवण उरकलं की खरी रात्र सुरू होते. दिव्याभोवती या. एडिथ वाचते, हॅगर अडवते, एडिथ उसळते. विषय निघतो तो दुसऱ्या संग्रहाचा. त्याच्या सुरुवातीला तिने स्वतःच्या कवितेबद्दल इतक्या ताठ मानेने लिहिलं होतं की वर्तमानपत्रांत तिची टर उडवली गेली. हॅगरलाही तो सूर खटकला होता. तिने तसं छापूनही टाकलं आणि आज तिच्याच शेजारी एडिथ बसली आहे, तिला बहीण मानते आहे. दोघींचे आवाज चढतात, मग हसू फुटतं, हसता हसता खोकला येतो. हॅगर पाण्याचा पेला पुढे करते. एडिथ तो बाजूला सारते, कारण वाक्य अर्धं राहिलंय.

मांजर तुमच्या पायाशी घुटमळतंय ना? हा टोटी. त्याला उचलून घ्या. एडिथला फोटो काढायचा भारी नाद, आणि टोटी तिच्या कॅमेऱ्याला सरावलेला.

शेवटची उडी, १९२२ मध्ये. घर तेच, एडिथ अधिक खंगलेली. दारात एल्मर डिक्टोनियस, गडगडाटी कवी, डोक्यात नव्या मासिकाच्या कल्पना घेऊन आलेला. नाव ‘अल्ट्रा’. ते स्वीडिशमध्ये निघेल आणि फिनिशमध्येही. तुम्ही मघाशी रस्त्यावर ऐकलेल्या त्या बायकांच्या भाषेतही! खोलीत तिघांपुरती जागा आहे आणि बोलणं तीसजणांचं. कुणाकुणाचं छापायचं, कोण विकत घेणार, पैसे आणायचे कुठून? हेलेना दारातून सांगते, एडिथने आता पडायला हवं. कुणी ऐकत नाही. तुम्हीही खुर्ची पुढे ओढा आणि मत द्या, इथे गप्प बसलेला पाहुणा चालत नाही.