शेटजींची छाप

आमच्या लहानपणी दिवाळीच्या पाडव्याला आबाजी अकोल्याच्या कापूस बाजारातून घरी येत, तेव्हा त्यांच्या बगलेत कागदाची एक गुंडाळी असे. ते अडत्याकडचे कॅलेंडर. वर कमळातली लक्ष्मी आणि तिच्या पायांशी लाल ठसठशीत अक्षरांत शेटजींचे नाव. वर्ष सरले की आजी ती लक्ष्मी कापून काचेत बसवी आणि कातरीचा पहिला घाव बरोबर शेटजींच्या नावावर पडे! फुकट वाटायच्या वस्तूंवर नाव घालणाऱ्या व्यापाऱ्याचे दुःख मला तेव्हाच कळले. त्याला आपले नाव भिंतीवर राहायला हवे असते, आणि आपल्याला हवा असतो देव.

आबाजींचा स्वतःचा धंदाही नावाचाच होता. एका प्रेसमध्ये रुईच्या गाठींवर ते छाप मारीत. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि प्रेसची खूण घालणे सक्तीचे केले होते. त्याखेरीज व्यापाऱ्याची आपली खूण असे ती वेगळीच. कुणाची चांदणी, कुणाचा त्रिकोण, कुणाचा हत्ती. पत्र्याच्या तुकड्यावर आबाजी छिन्नीने अक्षरे कोरीत, तो पत्रा गोणपाटावर दाबून धरीत आणि आखूड केसांच्या ब्रशाने काळा रंग ठोकीत. ओढायचा नाही, ठोकायचा; ओढला की रंग पत्र्याखाली शिरतो. पण खरी गंमत कोरण्यात. 'व' कोरला की त्याच्या पोटातला पत्रा निखळून खाली पडणार, आणि गाठीवर उमटणार नुसता काळा गोळा. म्हणून त्या पोटाला बाहेरच्या पत्र्याशी जोडणारे दोन बारीक पूल ठेवावे लागत. पूल जाड झाला तर अक्षर तुटके दिसे, बारीक राहिला तर आठवडाभरात मोडे. हत्ती कशाला, नावच पुरे नाही का, असे मी एकदा विचारले. आबाजी म्हणाले, "ज्याले वाचता येत नाही, त्याले हत्ती तर दिसते ना बापा!"

या खुणांमागे मोठा पसारा होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेतल्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ साली आगगाडी अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. १८७० साली खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने उघडला. कारंज्याला १८८६ साली देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला. शेतातून निघालेली पऱ्हाटीची बोंडे गाठ होऊन समुद्रापार जाऊ लागली, आणि तिथे गाठ फोडून पाहण्याआधी गिऱ्हाईक तिच्यावरची खूण पाही.

उलट दिशेने विलायती कापड येई. त्याच्या तागांवर गिरणीवाले रंगीत टिकिटे चिकटवीत. त्यांवर देव, राजे, वाघ, हत्ती आणि मधूनमधून सोनेरी शाई. म्हणजे मँचेस्टरच्या साहेबानेही आबाजींचेच धोरण धरले होते म्हणायचे! ही टिकिटे शिळाछापाची. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा. पाणी शाईला दूर ठेवते, तेलकट रेघ तेवढी ती धरते. रंगागणिक वेगळा दगड. १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत असाच छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या देवी घरोघर गेल्या आणि त्यांच्या नकला टिकिटांवरही उतरल्या.

आजीच्या लक्ष्मीचा छापखाना मात्र फार दूर, तमिळ मुलुखातल्या शिवकाशीला. चित्रे तिथे हजारांनी छापली जात आणि खालची पट्टी कोरी ठेवली जाई. गावातला प्रेसवाला मग पायाने ट्रेडल हाणीत तिच्यावर शेटजींचे नाव उठवी. लक्ष्मी सर्वांची एकच, पट्टी ज्याची त्याची. आजीची कातर कुठे चालायची हे त्या पट्टीनेच आखून दिले होते.

१९७२ साली सरकारने कापूस एकाधिकार खरेदी सुरू केली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती बरी की वाईट हा वाद वऱ्हाडात आजही रात्र पुरणार नाही असा. मी त्यात शिरत नाही. आमच्या घरी तिचा अर्थ एवढाच झाला की, कापूस पणन महासंघाचा झाला आणि व्यापाऱ्यांच्या चांदण्या-हत्तींचे काम संपले. प्रेसच्या आकड्यांना एक माणूस पुरे होता, आणि तो आबाजींहून तरुण होता. त्यांनी पत्रे धुतले, पोत्यात बांधले आणि माळ्यावर टाकले. त्या पाडव्याला कॅलेंडर आले नाही. आजी दिवसभर त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत होती. तिने तो उपटलाही नाही.

दहाएक वर्षांनी धाकट्या काकांनी अमरावतीत अंबागेटच्या आत स्क्रीन प्रिंटिंग सुरू केले. लग्नपत्रिका आणि दुकानदारांच्या कापडी पिशव्या. पहिलीच खेप त्यांनी खळ न धुतलेल्या मांजरपाटावर छापली. पहिल्या धुण्यात नाव गेले, गिऱ्हाइकाने पिशव्या परत आणून ओट्यावर आपटल्या, आणि काका दोन दिवस जेवले नाहीत. मी आबाजींना अकोल्याहून घेऊन गेलो तो या दिवसांत.

लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर उजेडाने घट्ट होणारा लेप, त्यातून रबराच्या पट्टीने ओढलेली शाई. आबाजींनी चौकट उजेडात धरली आणि बराच वेळ एका 'व'कडे पाहिले. मग विचारले, "याचे पूल कुठी हायेत?" पूल नव्हते. अक्षराचे पोट जाळीच्या बारीक धाग्यांनीच धरून ठेवले होते, आणि शाई त्या धाग्यांमधून निथळून पलीकडे सलग उमटत होती. १९०७ साली सॅम्युअल सायमन नावाच्या माणसाने या रीतीचे एक पेटंट घेतले, आणि तो मँचेस्टरचाच, हे मी पुढे वाचले. आबाजी एवढेच म्हणाले, "चाळीस वर्सं पूल कोरले मी." मग त्यांनी बाह्या सारल्या आणि काकांना मांजरपाट गरम पाण्यात उकळायला लावले. गोणपाट काय अन् कापड काय, रंग कशाने धरतो हे त्यांना बोटांनी ठाऊक होते. दुसरी खेप टिकली. त्यातली एक पिशवी आजीने वीस वर्षे भाजीला वापरली. तिच्यावरचे नाव मात्र तिला कापता आले नाही.

काकांची नात आता कपांवर छापते. कागदावर चित्र उलटे घ्यायचे, लेप दिलेल्या कपाभोवती गुंडाळायचे, सुमारे दोनशे अंशांवर काही मिनिटे दाबायचे. रंगाची वाफ होऊन लेपात मुरते. गेल्या दिवाळीत तिने माळ्यावरचा हत्तीचा पत्रा काढला आणि संगणकावर घेतला. पुलांच्या फटी बुजवून देऊ का, असे विचारीत होती. मी राहू दे म्हटले. पहिला कप तिने घाईत छापला, चित्र उलटे करायला विसरली, आणि हत्ती डावीकडून उजवीकडे न जाता परत फिरलेला निघाला. तो कप माझ्याकडे आहे. मी त्यात चहा पितो.